लहानीपेक्षा वंदी, वंदीपेक्षा लहानी

सत्तारभाईच्या शेताकडं मी खरं तर जाणारच नव्हते. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, ओसाड शेत बघायला जायचं म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्याचं लक्षण. पण घराचं कुलूप काढलं, झाडलं-लोटलं, कुंभाराकडून आणलेली नवी घागर पाण्यात भिजत घातली, आणि मग करण्यासारखं काही उरलंच नाही. मायची ही पहिली अखाजी. आमच्याकडं वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं अखाजीला घागर भरतात, आणि त्याला लेकी लागतात. मी खामगावहून आले होते. ताई सुरतेहून निघाली होती, ती सकाळी पोचणार होती. तोवर एवढी लांब दुपार रिकाम्या घरात काढायची कशी? अशा घरात आपल्याच चपलेचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. मला ते सहन होईना. डोक्यावर पदर घेतला आणि निघाले.

शेतात काहीच नव्हतं. काळी जमीन भेगाळलेली, बांधावरचं बाभळीचं झाड तेवढं हिरवं, आणि वर उत्तरेला सातपुडा धुरकटलेला. विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आहे आता. मी बांधावर बसले, आणि काय सांगू, मला एकदम कळीचा वास आला. कापसाची कोवळी कळी नखानं सोलली की येतो तो, हिरवा आणि थोडा कडसर. वैशाखात कापसाची कळी कुठली यायला! पण नाकाला कोण समजावणार.

मी बारावीला होते तेव्हा या तुकड्यात सत्तारभाईनं कंपनीचा प्लॉट घेतला होता. प्लॉट म्हणजे कापसाचं बी तयार करायचं शेत. तेव्हा सगळीकडं बीटी-बीटी चाललं होतं. पानाच्या टपरीवर बीटी, लग्नाच्या पंगतीत बीटी. रंगीत पाकिटातलं ते बी जणू आभाळातून पडतं असं लोक बोलायचे. ते पडायचं आमच्या नखांतून. दुपारी उद्या उमलणारी कळी हुडकायची, अंगठ्याचं नख तिच्याभोवती गोल फिरवायचं, पाकळ्या आणि आतले परागाचे दाणे सगळे काढून टाकायचे, मधली नाजूक काडी तेवढी ठेवायची आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या काडीवर हलकेच फिरवायचं. कंपनीचा माणूस त्याला क्रॉसिंग म्हणायचा. बाया म्हणायच्या, "चला वं, लग्नं लावा." सकाळी सकाळी शेकडो लग्नं लागायची, ना वाजंत्री ना पंगत.

उन्हाचा आणि फवाऱ्याच्या वासाचा त्रास नको म्हणून सगळ्या बाया नवऱ्याचे, भावाचे जुने लांब बाह्यांचे शर्ट लुगड्यावर चढवायच्या आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळायच्या, डोळे तेवढे उघडे. आमच्या घरी भाऊ नव्हता, म्हणून आम्ही बाबांचे शर्ट घालायचो. लांबून पाहिलं तर कोण कोणाची, कोण गोरी, कोण काळी, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आम्हा दोघींना त्या दुपट्ट्यांनी जे दिलं ते पुढं कशानंच दिलं नाही. पण ते नंतर.

आधी मायचं सांगायला हवं. मायला कुठलीही गोष्ट एकटी दिसायचीच नाही. भाकर चांगली झाली असं ती आयुष्यात कधी म्हणाली नसेल. कालच्यापेक्षा चांगली झाली, असं म्हणायची. नवी गाय जुनीपेक्षा गरीब. शेगावचा बाजार वरवटच्यापेक्षा महाग. मग आम्ही दोघी तिच्या तावडीतून कशा सुटणार? वंदी लहानीपेक्षा उंच. लहानी वंदीपेक्षा उजळ. वंदीचे केस लहानीपेक्षा दाट, लहानीचं डोकं वंदीपेक्षा चालतं, वंदी लहानीपेक्षा सोशिक, लहानी वंदीपेक्षा तोंडाळ. मी लहानी. घरात मला दुसरं नावच नव्हतं. आल्यागेल्या बायांसमोर हे सगळं चालायचं, आणि बायाही कमी नाहीत, हसत म्हणायच्या, "कानामागून आली अन् तिखट झाली." मला असा राग यायचा की पाण्याचा तांब्या आपटून मी बाहेर निघून जायची. ताईला राग यायचाच नाही. म्हणायची, "बोलू दे ना. तिले दोघीच तं हायत. ते दुसऱ्या कोनाले तोलीन?"

ताई बारावीला इंग्रजीत गेली होती. पुन्हा बसली, पुन्हा गेली. बाकी सगळं निघालेलं, इंग्रजी तेवढं घशात अडकलेल्या काट्यासारखं. तिला नर्स व्हायचं होतं. गावातल्या उपकेंद्रात येणाऱ्या सिस्टरबाईच्या मागं मागं ती लहानपणापासून हिंडायची, त्यांची सुई उकळायची, त्यांची छत्री धरायची. बुलढाण्याला नर्सिंगचा कोर्स होता, पण त्याला बारावी पास पाहिजे. बाबांनी सांगून टाकलं होतं, "या वर्षी निघाली तं बुलढाण्याले पाठोतो. नाही निघाली तं पाहुने पाहू." मायला तेवढाही धीर नव्हता. तिनं पाहुणे पाहायला सुरुवात केलीच होती. त्या दिवसांत जो तो पोरीचं उरकून मोकळा होऊ पाहायचा. पुढचं साल कसं येईल याचा भरवसा कोणालाच राहिला नव्हता.

असं झालं की ताई तिसऱ्यांदा आणि मी पहिल्यांदा, दोघी एकाच परीक्षेला. पुस्तक एक, गाईड एक, आणि संग्रामपूरला कादरी सरांची शिकवणी एक. तेलाच्या दुकानामागची खोली होती ती. दारात सरकीच्या ढेपेची पोती, त्यामुळं मला अजूनही इंग्रजी म्हटलं की आधी ढेपेचा वास येतो. सर निवृत्त, बारीक, पांढरी टोपी, आणि अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचे. तुलनेचा धडा आला की त्यांना आम्ही दोघी म्हणजे आयतंच साहित्य.

"चलो, दोघी बहिणी उभ्या राहा. लहानीनं सांगायचं. वंदना इज टॉलर दॅन?"

मी सांगायच्या आतच सगळा वर्ग ओरडायचा, "मी!"

सर कपाळाला हात लावायचे. "मी नहीं बेटा, आय. टॉलर दॅन आय. त्याच्या मागं 'अॅम' आहे. दिखता नहीं, मगर है. जो लपलाय त्यालाच विचारायचं, तुला शेजारी कोण पाहिजे."

ताई हळूच हात वर करायची. "सर, मराठीत 'मी' म्हंजे मीच ना? मंग तिथं काऊन चालत नाही?"

वर्ग हसायचा, पण सर हसायचे नाहीत. "चलता है बेटा. सारी दुनिया 'मी' बोलती है, बोलने दो. तुला पास व्हायचंय ना? मग पेपरात 'आय' लिहायचं."

पुढं त्यांनी आणखी एक अवघड वाक्य दिलं. 'ही लाइक्स यू मोअर दॅन मी' आणि 'ही लाइक्स यू मोअर दॅन आय'. दोन्ही बरोबर, पण अर्थ निराळे. पहिल्यात, त्याला मी जितकी आवडते त्याहून तू जास्त आवडतेस. दुसऱ्यात, मला तू जितकी आवडतेस त्याहून त्याला जास्त आवडतेस. मला ते चटकन कळलं. ताईला नाही. घरी येताना पायवाटेनं मी तिला सांगत होते, ती हं हं करत होती, आणि तुरीच्या शेताशी आल्यावर म्हणाली, "लहाने, हे माह्या डोक्यात जानार नाही. दुसरं काही तं सांग." अभ्यास म्हणजे ती पायवाटच होती आमची. घरात भारनियमन, चूल, गाय, आलंगेलं. जाता-येता जे पाठ होईल तेच खरं.

पोळा झाला आणि जाफराबादकडचे पाहुणे ताईला पाहायला येणार म्हणून निरोप आला. आमच्याकडं मोठीला पाहायला येतात तेव्हा धाकटीला घरात ठेवत नाहीत. कोणी काही बोलत नाही, मावशीकडं पाठवतात, वावरात पाठवतात. पाहुण्यांच्या नजरेपुढं एकच पोरगी असावी, तुलना नको. मायलाही ते माहीत होतंच, जन्मभर आमची तुलना करण्यात गेलेली बाई ती, तुलनेनं काय होतं हे तिच्याहून जास्त कोणाला कळणार? मला म्हणाली, "तू प्लॉटवर जा. मी बोलावल्याबिगर येऊ नको." मी आनंदानं गेले. मला कुठं पोहे तळहातावर घेऊन मिरवायचं होतं.

आणि नेमकी पाहुण्यांची जीप गरम झाली ती सत्तारभाईच्या विहिरीशी. जेवणाची वेळ. बाया बाभळीखाली बसलेल्या, दुपट्टे काढलेले. दोन माणसं पाणी मागायला आली. मी जवळ होते, मी कळशी वाकवली. मला काय माहीत हे कोण! पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "कुणाची गं तू?"

आता हा प्रश्न आमच्याकडं म्हातारं माणूस विचारतं तेव्हा त्याला उत्तर द्यायचं असतं, विचार करायचा नसतो. लहानपणापासून तेच शिकवलेलं. मी बापाचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि घर कुठं तेही सांगितलं, मारोतीच्या पाराच्या उजव्या हाताला. आमच्याच बरोबर कामाला असलेल्या यशोदाकाकूनं मागून माझा शर्ट ओढला तोवर सगळं सांगून झालं होतं.

पाहुणे घरी गेले, ताईला पाहिलं, पोहे खाल्ले, चहा घेतला. निघताना दारात उभं राहून मिशीवाले बाबांना म्हणाले, "विहिरीवर पाणी दिलं ती धाकटी ना तुमची? तिचं काही बोलायचं असलं तर आम्ही तयार आहोत." बाबा म्हणाले, "तिचं अजून शिक्षन चालू हाय." बस्स. जीप गेली. मी घरी आले तर माय चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत होती, धुरानं नाही. मला काही बोलली नाही. तेच वाईट. ती बोलत असती तर बरं वाटलं असतं.

ताई मागं हौदाशी पाहुण्यांचे कप राखेनं घासत होती. मी जाऊन शेजारी बसले आणि विसळायला लागले. मग ती म्हणाली, "लहाने, आता समजलं मले सरांचं."

"काय?"

"दे लाइक यू मोअर दॅन मी. हे खरं हाय." तिनं कप माझ्याकडं दिला. "अन् दे लाइक यू मोअर दॅन आय. हे साफ खोटं हाय."

मला रडू आलं आणि मी कप विसळत राहिले. तिला तसं कोणी नाकारलं म्हणून नाही आलं. एवढं झाल्यावरही ती माझी समजूत काढत होती, म्हणून आलं.

त्या दिवसापासून मायनं फर्मान काढलं. "वंदीचं जमेपर्यंत तुमी दोघी एका ठिकानी दिसा नको." झालं. ताई सकाळच्या शिकवणीला, मी संध्याकाळच्या. ताई गिरणीत दळायला, मी नदीवर धुणं धुवायला. कोणाच्या हळदीला ताई, तर लग्नाला मी. दसऱ्याला सोनं द्यायला घरोघरी जायचं तेव्हा ताई गेली आणि मी दाराआड बसून राहिले, आपट्याची पानं मोडत. एका घरात राहून मला तिची आठवण यायची, हे आता सांगताना हसू येतं. ती पायवाट गेली, तुरीचं शेत गेलं, पाठ करायची जागाच गेली. ताई सकाळच्या शिकवणीत एकटी काय शिकत होती ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. परीक्षा समोर, आणि तिला शिकवणारी मी दाराआड. मला वाटलं, गेलं हिचं नर्सिंग.

फक्त प्लॉट उरला. तिथं सगळ्यांची तोंडं झाकलेली. तिथं आम्ही दोन बहिणी नव्हतो, बाबांचे दोन शर्ट होतो. सडकेवरून कोणी गेलं, जीप गेली, पाहुणा गेला, तरी त्याला कापसाच्या ओळीत नुसते दुपट्टे दिसायचे. मायनं एका शब्दानं कधी म्हटलं नाही की प्लॉटवर चालेल. पण सकाळी ती दोघींचा मिळून एकच डबा भरायची. एक डबा म्हणजे एकाच झाडाखाली बसणं आलं. तिला काय कळत नव्हतं का? मायही आमच्याच बरोबर क्रॉसिंगला असायची, एक ओळ सोडून.

मग काय! ताई एका ओळीत, मी दुसऱ्या, मधे कमरेएवढा कापूस, आणि एकेका कळीला एकेक वाक्य. मी इकडून टाकायची, ती तिकडून फिरवून परत द्यायची. दिसायचे नुसते डोळे, त्यामुळं चुकली तर तिला लाजही वाटायची नाही. ऊन कालच्यापेक्षा जास्त. ही ओळ त्या ओळीपेक्षा लांब. यशोदाकाकू पन्नाशीची, अंगठा न उठवता सही करता यावी एवढंच शिकलेली, पण कान तिखट. एक दिवस ती मधेच म्हणाली, "वंदे, माह्या सासूले टाक ना तुह्या इंग्रजीत. कजागले काय म्हनते?"

मी शब्द सांगितला. ताईनं दमादमानं वाक्य जुळवलं, "हर मदर-इन-लॉ इज मोअर क्वारलसम दॅन शी."

आणि एक ओळ सोडून मायचा आवाज आला, "खोटं काऊन शिकवतं वं लहाने पोरीले? यशोदा कजाग हाय तिच्या सासूपेक्षा."

सगळा प्लॉट हसला. दुपट्ट्याआडून हसणं फार गोड ऐकू येतं, सगळ्या मिळून एकच बाई हसल्यासारखं. त्यानंतर यशोदाकाकूला नादच लागला. तिला अर्थाशी देणंघेणं नव्हतं, शेवटचे दोन शब्द तिला आवडले होते. काकू, ऊन कसं हाय? दॅन आय. काकू, भाजी काय आनली? दॅन आय. संध्याकाळी मजुरांचा हिशेब करताना सत्तारभाईंनी तिला विचारलं, "यशोदाबाई, उद्या येनार ना?" तर तिथंही तिचं तेच, दॅन आय. सत्तारभाई बिचारे आमच्याकडं पाहत राहिले.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. प्लॉटबाहेर त्या वर्षी कापूस लाल पडत चालला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पानं जळाल्यासारखी. फवाऱ्याचा वास भाकरीला यायचा. आणि कुठल्याही वावरातून आरडाओरडा ऐकू आला की बाया हातातलं फूल तसंच धरून आधी आपापल्या घराच्या दिशेला पाहायच्या. मग कळायचं, साप निघाला, नाहीतर बैल विहिरीच्या काठाशी गेला, आणि सगळ्या एकदम भरभर बोलायला लागायच्या. दर वेळी सापच असायचा असं नाही. त्या दिवशी माय काम टाकून घरी जायची, बाबा ओट्यावर बसलेले दिसले की परत यायची आणि काही झालंच नाही अशी ओळीला लागायची. आल्यावर ताईला म्हणायची, "चाल, म्हन तुहं पुढचं." ताई म्हणायची.

हंगाम संपला, कापूस वेचला, परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाबा संग्रामपूरला गेले ते दुपार झाली तरी येईनात. माय दारात, ताई गायीपाशी, मी कुठंच टिकत नव्हते. मला माझ्या निकालाची आठवणही नव्हती, देवाशप्पथ. वाकडी टोपी आणि हातात पुडा घेऊन बाबा लांबून दिसले तेव्हा पुड्याकडं पाहूनच आम्हाला कळलं. ताई निघाली होती. इंग्रजीत अगदी काठावर, पण निघाली. तिनं गायीच्या मानेत तोंड खुपसलं.

गावभर पेढे वाटले. लोक पेढा तोंडात टाकून विचारायचे, "अन् लहानीले किती?" मला खूप होते, तालुक्यात नाव निघण्यासारखे. माय हात उडवायची, "लहानीचं काय, ते निघतेच. वंदी निघाली." जन्मात पहिल्यांदा ताईचं पारडं माझ्याहून जड झालं होतं, आणि मला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवू ते कळेना.

बुलढाण्याची गाडी धरायला निघालो तेव्हा मायनं आम्हा दोघींना गावातून बरोबर नेलं, मधल्या रस्त्यानं, उघड्या तोंडानं. एका हाताला ताई, एका हाताला मी. एवढे महिने दोघींना वेगवेगळं ठेवणारी बाई त्या दिवशी मुद्दाम ओट्याओट्यापाशी थांबत होती. गाडी आली. ताई चढली, खिडकीशी बसली, हसत होती. आणि मी जी हुंदके द्यायला लागले ती थांबेचना. माय म्हणाली, "पाह्य बरं. जानारी रडून नाही राह्यली, अन् राहनारीच रडून राह्यली." म्हणता म्हणता तिचाही आवाज फुटला.

मी का रडत होते ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. ती पास व्हावी म्हणून मी कळीगणिक वाक्यं टाकली होती, आणि पास झाली म्हणून ती चालली होती. पुढच्या हंगामात मी सुट्टीच्या दिवशी प्लॉटवर गेले. शेजारच्या ओळीत दुसरी कोणी होती. मी सवयीनं एक वाक्य टाकलं. ती बिचारी म्हणाली, "काय म्हनलं वं?" मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर दोनेक सालांत सत्तारभाईच्या विहिरीचं पाणी खोल गेलं आणि कंपनीनं प्लॉट दुसरीकडं नेला. ज्या बीटीला अळी लागत नाही म्हणून डांगोरा पिटला होता, तिलाही पुढं अळी लागली. यशोदाकाकू गेल्या. कादरी सर गेले. मीच आता खामगावच्या शाळेत तुलनेचा धडा शिकवते, आणि 'मी' लिहिणाऱ्या पोरांना पूर्ण मार्क देते.

माय मात्र बदलली नाही. ताई सुरतेच्या दवाखान्यात मोठी सिस्टर झाली, मी मास्तरीण झाले, बाबा गेले, तरी तिचं 'पेक्षा' सुटलं नाही. फोनवर मला म्हणायची, "वंदीचा फोन तुह्यापेक्षा जास्त येते." ताईला म्हणायची, "लहानीनं आनलेलं लुगडं तुह्या लुगड्यापेक्षा मऊ हाय." आम्ही रात्री एकमेकींना फोन करून ते सांगायचो आणि हसायचो. कधी कधी खरंच भांडायचोही, त्या लुगड्यावरून. गेल्या दिवाळीनंतर ती गेली, आणि तेव्हापासून आमचे फोन कमी झाले. बोलायचं काय? ती बरी, मी बरी.

बांधावरून उठले तेव्हा ऊन कलंडलं होतं. घरी येऊन कैऱ्या उकडल्या, चिंच भिजत घातली, झोपले.

ताई सकाळी आली. दारात तिला पाहून मला क्षणभर ओळखच पटेना. दवाखान्याच्या गारव्यात वर्षानुवर्षं राहून ती उजळली आहे. केस रंगवलेले, अंग सडसडीत, पंजाबी ड्रेस. आणि मी? खामगावच्या उन्हात गाडी हाकून रापलेली, गुडघे धरलेले, अर्धे केस पांढरे आणि रंगवायचा कंटाळा. आम्ही एकमेकींना धरून रडलो, मग लगेच कामाला लागलो, कारण रडत बसायला दोघींनाही येत नाही. घागर भरली. तीत वाळा टाकला, वर खरबूज ठेवलं, हळद-कुंकू लावलं. निखाऱ्यावर तूप-गुळाचा घास सोडला तसा घरभर तो गोड जळका वास पसरला, आणि पहिल्यांदाच घर पुन्हा आमचं वाटलं. चिंचवणी ताईनं केली. मी चाखली आणि माझ्या ओठांवर आलं होतं की मायच्यापेक्षा आंबट झाली. पण म्हटलं नाही.

शेजारची नवी सून ताटं घेऊन आली. आम्हाला ताटं कमी पडतील म्हणून तिच्या सासूनं आधीच सांगून ठेवलं होतं. सासू स्वतः अकोल्याला लेकीकडं गेलेली. अकोटकडची पोर, लग्न होऊन महिना-दोन महिने झालेले, हातातला चुडा अजून नवा. ती उंबऱ्याशी टेकली, कौतुकानं एकदा ताईकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या दोघींत मोठी कोन हो?"

हा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारलाच नव्हता. विचारायची गरज काय? या गावात दगडालाही माहीत होतं. ताईच्या डोळ्यांत ते जुनं मिश्कील हसू आलं. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"हे."

मी हसले. तीही हसली. आणि आम्ही दोघींनी, खरंच दोघींनी एकाच वेळी, आत चुलीकडं पाहिलं. आता आवाज येणार होता. वंदे, खोटं काऊन सांगतं, वंदी मोठी हाय लहानीपेक्षा, उंच हाय, सोशिक हाय, सगळं येणार होतं, एका दमात. आम्ही वाट पाहिली. घागरीवरून पाण्याचा एक थेंब ओघळून खाली आला. ताईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आणि मग तिनं मान खाली घातली.

सुनेला त्यातलं काही कळलं नाही. सणाचा दिवस, मोठ्यांच्या पाया पडावं, तेही वयाच्या क्रमानं, असं तिला तिच्या घरी शिकवलेलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, उठून पुढं आली आणि आधी माझ्या पाया पडली, मग ताईच्या.